उच्छिष्टाचे सोवळे : 'डॉक्टर हू'च्या चित्रकथांविषयी

साहित्याच्या विभागांत चित्रकथेला आता मज्जाव राहिलेला नाही. आर्ट स्पीगलमनच्या 'माउस'ला १९९२ मध्ये पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले, मार्जान सत्रापीच्या 'पर्सेपोलिस'ला अभ्यासक्रमांत जागा मिळाली, ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या 'वॉचमेन'वर (१९८६-८७) प्रबंध लिहिले गेले. 'कॉमिक्स' म्हटल्यावर ज्या भुवया वर चढत, त्या 'ग्राफिक नॉव्हेल' म्हटल्यावर आदराने खाली येतात. हे झाले ते चांगलेच झाले. परंतु दार उघडताना उंबऱ्यावर एक नवी पाटीही लावली गेली आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. चित्रकथेने आत यावे, पण एकटीने यावे. तिच्या पाठीशी एखादी मालिका, चित्रपट वा व्यापारचिन्ह उभे दिसता कामा नये, असा त्या पाटीचा मजकूर आहे. दूरचित्रवाणीच्या मालिकेवरून निघालेली चित्रकथा म्हणजे उष्टे, आणि उष्ट्याला साहित्याच्या पंगतीत पान नाही.

आमचे म्हणणे असे, की हे सोवळे खोटे आहे. आणि ते पाळणाऱ्यांना आपण काय ओलांडून जात आहोत याची कल्पना नाही.

उदाहरण म्हणून आम्ही 'डॉक्टर हू' घेतो. बीबीसीची ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९ मध्ये बंद पडली, १९९६ मध्ये एका दूरचित्रपटापुरती उठून बसली आणि २००५ मध्ये नव्याने उभी राहिली. काळातून व अवकाशातून हिंडणारा, मरणाच्या दारात चेहरा बदलून पुन्हा जगणारा एक परग्रहवासी, एवढी तिची कल्पना मराठी वाचकाला पुरे. मालिकेला वर्ष व्हायच्या आत, नोव्हेंबर १९६४ मध्ये, 'टीव्ही कॉमिक' या मुलांच्या साप्ताहिकात तिची चित्रकथा सुरू झाली आणि नियतकालिके, प्रकाशक, चित्रकार बदलत ती मालिकेबरोबर व मालिकेशिवायही चालत राहिली. मालिका बंद होती त्या सोळा वर्षांतही मासिकाच्या पानांवर डॉक्टरचा प्रवास थांबला नाही. उष्टे म्हणावे तर येथे ताट उचलून नेल्यावर सोळा वर्षे पंगत चालली आहे.

आता त्या 'वॉचमेन'कडे वळू. तिचा चित्रकार डेव्ह गिबन्स १९७९ ते १९८२ या काळात 'डॉक्टर हू'च्या चित्रकथेचा प्रमुख चित्रकार होता. मार्व्हलच्या ब्रिटिश शाखेने ऑक्टोबर १९७९ मध्ये 'डॉक्टर हू वीकली' काढले, त्याच्या पहिल्या अंकापासून चित्रे गिबन्सची आहेत. तिचा लेखक ॲलन मूर याने १९८० व १९८१ मध्ये त्याच नियतकालिकात छोट्या पूरक कथा लिहिल्या. म्हणजे आमच्या सहकाऱ्यांनी ज्या दोन हातांना अभिजाततेचा मान दिला, तेच हात चार-पाच वर्षे आधी 'उष्टे' वाढत होते. हात तेच, कसब तेच; फरक मुखपृष्ठावर कोणाचे चिन्ह छापले आहे एवढाच. त्यातही गंमत अशी, की 'वॉचमेन'चा पहिला आराखडा स्वतंत्र नव्हताच. चार्लटन या प्रकाशनसंस्थेचे नायक डीसीने विकत घेतले होते आणि मूरने ती पात्रे धरून कथा आखली होती. ती पात्रे वापरायची नाहीत असे ठरल्यावर त्यांच्या बेतावर नवी पात्रे बेतली गेली. उपनिर्मितीचा हा वंशवृक्ष अभ्यासक्रमाच्या पुस्तकात असतो, तेव्हा त्याला आपण 'आंतरसंहितात्मकता' म्हणतो.

'दुसऱ्याच्या कथेवर रचलेले ते कमी प्रतीचे' हा न्याय मराठीच्या प्राध्यापकाने करावा, याचे तर आम्हाला हसूच येते. साऱ्या जगाचे वाङ्मय व्यासांचे उच्छिष्ट आहे, असे अभिमानाने सांगणारी आपली परंपरा. मुक्तेश्वराचे भारत, श्रीधराचा 'पांडवप्रताप', मोरोपंतांची एकशे आठ रामायणे आपण शिकवतो. आणि शिकवताना 'कथानक मूळचे नव्हे' म्हणून कोणाचे गुण कापत नाही. उलट, ठाऊक असलेल्या कथेत कवीने कोठे पदर खोचला, कोठे सोडला, याच्याकडेच विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो. आख्यानकाव्याला लावलेली ही दृष्टी दुसऱ्या दालनात शिरताना दाराबाहेर का ठेवावी?

यावर एक उत्तर मिळते आणि ते पोकळ नाही. व्यासांच्या कथेवर कोणाची मालकी नव्हती, डॉक्टरवर आहे. श्रीधराने परवाना घेतला नव्हता. चित्रकथाकार घेतो, आणि परवाना देणाऱ्याने आखलेल्या रेघेबाहेर त्याला जाता येत नाही. कथेच्या शेवटी पात्रे जशी होती तशी परत ठेवावी लागतात. सबब ही कला नव्हे, हा माल आहे. आमच्या एका विद्यार्थिनीने तौलनिक साहित्याच्या लघुप्रबंधासाठी मालिकांवरून निघालेल्या चित्रकथांचा विषय मांडला, तेव्हा संबंधित समितीने तो याच शब्दांत परत केला : 'हा वाङ्मयाचा नव्हे, विपणनाचा विषय आहे.' तिने मुकाट्याने एका प्रतिष्ठित कादंबरीकाराच्या स्त्रीचित्रणावर लिहिले. त्या विषयावरील तो कितवा लघुप्रबंध, हे मोजण्याचे आम्ही सोडून दिले आहे.

आक्षेप पोकळ नाही म्हणून त्याचे उत्तरही वस्तू समोर ठेवूनच दिले पाहिजे. परवान्याच्या रेघेत काय घडते ते पाहू.

'द स्टार बीस्ट' ही कथा १९८० मध्ये 'वीकली'त क्रमशः आली. लेखक म्हणून पॅट मिल्स आणि जॉन वॅग्नर यांची नावे, चित्रे गिबन्सची, कृष्णधवल. ब्लॅककासल नावाच्या एका इंग्रजी औद्योगिक गावात अवकाशयान कोसळते. शॅरन आणि फज या शाळकरी मुलांना त्यातला जखमी प्राणी सापडतो : मऊ केसांचा, मोठ्या डोळ्यांचा, लांब कानांचा बीप द मीप. त्याच्या मागावर आलेले रार्थ योद्धे मात्र किडयांसारखे अक्राळविक्राळ. पुढे कळते, की मीप हा क्रूर अत्याचारी आहे आणि ते राक्षस कायद्याचे रखवालदार. एवढे सांगितले तर ही बोधकथा वाटेल, 'दिसते तसे नसते' छापाची. परंतु चित्रकथेत ही उलथापालथ एका क्षणी होत नाही. मुले त्या गोंडस जिवाला कुरवाळत असतात, आणि त्याच चौकटीत वाचकाला त्याच्या मनातले विषारी शब्द वाचायला मिळतात. मुलांना दिसते ते चित्र, वाचकाला दिसते ते चित्र अधिक शब्द. आणि या दोहोंतील फटीत विनोद आणि भय एकाच वेळी उभे राहतात. हे नाट्यगत उपरोधाचे कसब आहे. रंगभूमीवर त्यासाठी स्वगत लागते, कादंबरीत निवेदक लागतो. येथे एका चौकटीत काम भागते. परवाना देणाऱ्याने ही फट आखून दिली नव्हती. ती त्या माध्यमाने दिली आणि त्या तिघांनी वापरली.

आणि शॅरन? ती कृष्णवर्णीय मुलगी पुढे डॉक्टरबरोबर प्रवासाला निघते. छोट्या पडद्यावर अशी पूर्णवेळ सहप्रवासिनी, मार्था जोन्स, यायला २००७ साल उजाडावे लागले. ज्या मुलीला घेण्याचे धाडस 'मूळ' मालिकेला आणखी सत्तावीस वर्षे झाले नाही, तिला मुलांच्या एका साप्ताहिकाने मोजक्या पानांच्या जागेत उभी केली होती. मूळ आणि फांदी यांतील पुढे कोण आणि मागे कोण, हे येथे आम्हाला तरी सांगता येत नाही. पुढे आठव्या डॉक्टरच्या चित्रकथांत इझी नावाची सहप्रवासिनी आली. आपल्या ओढीचे नाव स्वतःजवळही न घेणारी ही मुलगी २००३ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या कथेच्या अखेरीस दुसऱ्या स्त्रीचे चुंबन घेते आणि घरी परतते. सात वर्षे विणलेल्या त्या धाग्याची ती गाठ होती. 'पात्रे जशी होती तशी परत ठेवावी लागतात' हा नियम मोडायला मोकळीक मिळाली, ती मालिका बंद होती म्हणून. ही गोष्टही नोंदवली पाहिजे. परवान्याची पकड कधी घट्ट असते, कधी सैल, आणि त्या सैलपणाचा इतिहास हाच मुळी अभ्यासाचा विषय आहे.

आणखी एक उदाहरण, आम्हाला विशेष आवडणारे. जून १९६९ मध्ये दुसऱ्या डॉक्टरची (पॅट्रिक ट्राउटन) कारकीर्द संपली. त्याच्याच लोकांनी त्याला पृथ्वीवर हद्दपारीची आणि चेहरा बदलण्याची शिक्षा दिली. काळोखात गरगरत तो नाहीसा झाला. नवा चेहरा पडद्यावर दिसला तो जानेवारी १९७० मध्ये. मधल्या महिन्यांत 'टीव्ही कॉमिक'ला दर आठवड्याला पाने भरायची होती. तेव्हा साप्ताहिकाने काय केले? शिक्षेचा अर्धाच भाग अंमलात आला असे धरले. डॉक्टर हद्दपार झाला आहे, पण चेहरा जुनाच आहे. तो लंडनच्या एका हॉटेलात राहतो आणि लोकांत प्रसिद्ध झाला आहे. नोव्हेंबर १९६९ मधील 'द नाइट वॉकर्स' या कथेत रात्री शेतांतून बुजगावणी चालताना दिसतात. डॉक्टर त्यांचा छडा लावायला जातो आणि कळते, की ती त्याच्याच लोकांनी धाडलेली आहेत, उरलेली शिक्षा पुरी करायला. पाने भरण्याच्या निकडीतून जन्मलेली ही कल्पना. कथेच्या दोन ओळींतील अंतर भरून काढणे हे आख्यानकाराचे सनातन काम. आणि ते आठवड्याच्या मुदतीत, अनामिकपणे, मुलांसाठी केले गेले. पेरलेल्या शेतातून शिक्षा चालत येते, हे चित्र आम्ही तरी विसरू शकलेलो नाही.

हे सारे उत्तम आहे असा मात्र आमचा दावा नाही. याच साप्ताहिकातील पहिल्या वर्षांच्या कथा आज वाचवत नाहीत. मालिकेत नसलेली जॉन आणि जिलियन ही दोन नातवंडे डॉक्टरच्या गळ्यात बांधून ज्या मोहिमा रचल्या, त्यांत भूगोलाच्या धड्याइतकीही ओढ नाही. आणि आपल्या दाराशी यायचे तर टायटन प्रकाशनाने २०१४ नंतर काढलेल्या मालिकेत 'द स्वोर्ड्स ऑफ काली' नावाची कथा आहे. तीत एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थान आणि भविष्यातील मुंबई येते. काळाच्या कोणत्याही टोकाला गेले तरी हिंदुस्थान म्हटला की काली आणि तलवार! मुंबईची देवता मुंबादेवी आहे एवढे विचारायला कोणाला तरी वेळ व्हायला हवा होता. पण वाईट कादंबऱ्या निघतात म्हणून कादंबरी हा प्रकार अभ्यासातून कोणी काढत नाही. वाईटाला वाईट म्हणता यावे यासाठी सुद्धा आधी वाचावे लागते.

आता दुसऱ्या सोवळ्याकडे. ते विद्यापीठात नव्हे, चाहत्यांत पाळले जाते. त्यांचा प्रश्न कलेचा नसतो, प्रामाण्याचा असतो : ही कथा 'खरी घडली' का? पडद्यावर दिसले ते प्रमाण, कागदावर छापले ते अप्रमाण. वास्तविक बीबीसीने असे कोणतेही प्रामाण्य कधी जाहीर केलेले नाही. मालिकेचा लेखक पॉल कॉर्नेल याने २००७ मध्ये हा वादच निराधार असल्याचे सविस्तर मांडले होते. तरी श्रुती-स्मृतींचा हा भेद हटत नाही. १९९६ मधील 'ग्राउंड झीरो' या चित्रकथेत एस ही सहप्रवासिनी मरण पावते. त्याच काळातील अधिकृत कादंबऱ्यांत ती जिवंत असते. यांतले खरे कोणते, यावर जितकी ऊर्जा खर्ची पडली, तिच्या शतांश ऊर्जाही त्या मृत्यूच्या चित्रणाकडे वळली नाही. भीष्माच्या वयाचा हिशेब मांडण्यात रमून शरशय्येकडे पाठ फिरवावी, तसा हा प्रकार.

आणि या उतरंडीतही चित्रकथा तळाशी. २०१३ मध्ये 'द नाइट ऑफ द डॉक्टर' या छोट्या प्रकरणात आठवा डॉक्टर मरणापूर्वी आपल्या सोबत्यांची नावे घेतो. ती सारी नावे ध्वनिनाट्यांतील आहेत. जिने मालिकेच्या अंधारात वर्षानुवर्षे महिन्यामागून महिना त्याची सोबत केली, त्या इझीचे नाव त्याच्या ओठांवर नाही. एका ओळीची ही गोष्ट; पण कोणाची स्मृती राखायची हे एका ओळीतच ठरत असते.

'द स्टार बीस्ट'चे पुढे काय झाले हे चाहत्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मालिकेच्या साठाव्या वर्षानिमित्त रसेल टी. डेव्हिस यांनी तिचे पडद्यावर रूपांतर केले. मिल्स आणि गिबन्स यांना श्रेय दिले गेले, हे योग्यच झाले. फज आला. शॅरन आली नाही. मीपला घरात आश्रय देणारी मुलगी आता डॉनाची लेक रोझ होती. आणि चित्राला न लागणारा जो खुलासा पडद्याला करावा लागतो, त्यासाठी आता एक स्वतंत्र प्रसंग लागला. तरी अनेकांच्या लेखी त्या दिवशी ती कथा 'प्रमाण' झाली. त्रेचाळीस वर्षे छापील पानांवर असलेली कथा पडद्याच्या स्पर्शाने द्विज झाली म्हणायची! १९८० मध्ये ती जितकी चांगली होती, त्याहून २०२३ मध्ये तिच्यात एका रेघेची भर पडलेली नाही.

आमचा खरा राग यापुढच्या गोष्टीवर आहे. 'माल' म्हणून तोंड फिरवणारा प्राध्यापक आपण बाजाराच्या विरुद्ध उभे आहोत असे समजतो. प्रत्यक्षात तो मालकाची बाजू घेत असतो. व्यापारचिन्हाच्या मालकाला नेमके हेच हवे असते, की चिन्ह दिसावे आणि हात दिसू नयेत. डालेकांचे उदाहरण घ्या. त्यांचा लेखक टेरी नेशन हा बाहेरचा, करारावर लिहिणारा. म्हणून त्याला डालेकांच्या हक्कात वाटा मिळाला आणि तो श्रीमंत झाला. ज्याने त्यांना तो अजोड आकार दिला तो रेमंड क्युझिक बीबीसीचा नोकर. म्हणून त्याला मिळाली शंभरेक पौंडांची बक्षिसी. पुढे १९६५ मध्ये 'टीव्ही सेंच्युरी २१' या साप्ताहिकात केवळ डालेकांची चित्रकथा सुरू झाली, डॉक्टरवाचून. नाव नेशनचे, लेखन मुख्यतः डेव्हिड व्हिटेकरचे, जो मालिकेचा पहिला कथासंपादक होता. 'वीकली'त स्टीव्ह मूरने निर्माण केलेले ॲब्स्लम डाक हे पात्र दुसऱ्या लेखकाकडे सोपवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा ॲलन मूरने मित्राच्या बाजूने उभे राहून आपले काम सोडले. 'वॉचमेन'च्या हक्कांवरून त्याचे डीसीशी पुढे जे वाजले त्यावर आपण व्याख्याने देतो. पण निर्मात्याच्या हक्कासाठी त्याने पहिल्यांदा लेखणी खाली ठेवली ती या 'उष्ट्या' पानांवर, हे सांगायचे राहून जाते. कारण ती पाने आपण उघडलेलीच नसतात.

ज्या वाङ्मयात कर्त्याचे नाव पुसले जाण्याचा धोका सर्वांत मोठा, तेथेच अभ्यासकाची गरज सर्वांत मोठी. पाठचिकित्सा, कर्तृत्वनिश्चिती, हस्तांतर आणि प्रक्षेप यांचे जे शास्त्र आपण ज्ञानेश्वरीच्या प्रतींवर शिकलो, ते येथे जसेच्या तसे कामाला येते. कोणता हप्ता कोणी लिहिला, कोणत्या चौकटी पुनर्मुद्रणात बदलल्या, मार्व्हलने अमेरिकेत १९८० च्या दशकात या कृष्णधवल कथा छापताना त्यांत रंग भरले तेव्हा गिबन्सच्या काळ्या रंगाचे काय झाले, हे प्रश्न विपणनाचे नव्हेत.

आणि 'मूळ' या शब्दावर फार भिस्त ठेवणाऱ्यांना एक सांगायचे आहे. बीबीसीने त्या काळी जुन्या ध्वनिचित्रफिती पुसून टाकल्या. १९६० च्या दशकातील मालिकेचे नव्वदहून अधिक भाग आज उपलब्ध नाहीत. व्हिटेकरने १९६६ मध्ये लिहिलेली 'द पॉवर ऑफ द डालेक्स' ही सहा भागांची कथा, जाणकारांच्या मते त्याच्या उत्कृष्ट कामांपैकी एक, त्यांतच गेली. मागे उरला तो आवाज, काही छायाचित्रे आणि काही तुटक क्षण. त्याच व्हिटेकरने त्याच सुमारास साप्ताहिकाच्या मागच्या पानासाठी लिहिलेली डालेकांची चित्रकथा मात्र जानेवारी १९६५ ते जानेवारी १९६७ अशी सलग उभी आहे : एकशे चार हप्ते, एकही गहाळ नाही, आणि तेही रंगांत, मालिका स्वतः अजून काळ्या-पांढऱ्यात असताना.